डाव्या हातानं

आईस,
डोंगरावरच्या शाळेतून तुझ्या लेकीचा नमस्कार.

पत्र मिळालं. माझी लेक रुईरुई पहिलीत गेली आणि तू तिचा डावा हात रुमालानं बांधून तिला उजव्यानं लिहायला बसवतेस, हे वाचलं. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. खोलीत शेगडी आहे, बटाटे पुष्कळ आहेत. फक्त शाळा सुटली की घसा बसलेला असतो आणि कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आठवडाभर पहिलीच्या पोरांना अक्षरांच्या मूळ रेघा शिकवतेय. आडवी, उभी, डावीकडे उतरती, उजवीकडे उतरती. सगळी पोरं बोट उचलून रेघ हवेत काढतात आणि तिचं नाव ओरडतात. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी असते, म्हणून त्यांना दिशा बरोबर दिसावी यासाठी मी डाव्या हातानं उलट काढते.

छ्यूयान नावाची एक डावखुरी मुलगी आहे. काल मी तिच्या हातावर पट्टी मारली, तर म्हणते कशी, "बाई, तुमचा डावा चालतो, मग माझा का नाही?"

पोरं खदखदून हसली. "बरं बाई, काढ तुझ्या हातानं," म्हटलं. रेघा वाकड्या आल्या, पण क्रम एकदाही चुकला नाही.

लहानपणी तू माझाही हात वळवलास, त्याचा राग नाही. तेव्हा सगळेच वळवत. पण मी रडले की तू जवळ होतीस. रुईरुईजवळ मी नाही.

रुमाल सोड, आई. अक्षर कसंही येऊ दे, मला तिचं पत्र हवंय.

तुझी,
शूवेन