गुडघ्याचा पट्टा

मंगळवार, सांजवेळ, उत्रोली

नंदे, आजी सांगते तसंच लिही, सुधारू नको.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाई आणि पट्टा बनवणारा इंजिनिअर, दोघांनी माझा गुडघा तपासला. काही विचारलं की आधी एकमेकांकडं बघायची, मग गोड हसायची. आधीच ठरवून आली होती का?

म्या विचारलं, "पट्टा बांधून भातलावणीला वाकता येईल?"

पुन्हा एकमेकांकडं बघितलं!

बाई म्हणाल्या, "आजी, वाकायचंच नाही."

इंजिनिअर म्हणाला, "मग मी बिजागरी कशाला बसवली, मॅडम?"

लई जुंपली दोघांची. तेव्हा कुठं म्या पट्टा बांधून घ्यायला पाय पुढं केला. भांडली म्हणजे ठरवून आलेली न्हाईत.

तरी संशय हायेच. उद्या पट्टा बांधून खाचरात उतरते, कळेल कोण खरं. बाईंना सांगू नको.