गोंचारोव्ह म्हणजे कुंभाराचा

मिल्टन कीन्स, ५ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. लेक पंधरा दिवसांची झाली. निवेदिताही बाळंतपणानंतर बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

ऑफिसात गोंचारोव्ह म्हणून एक रशियन गृहस्थ आहेत. आडनावाचा अर्थ विचारला, तर म्हणाले, "कुंभाराचा. आमच्याकडे गावोगाव मडकी घडवायचे, म्हणून गोंचारोव्ह सगळीकडे." सांगताना त्यांचा आवाज जराही दबला नाही.

मला शाळेत घालताना तुम्ही गॅझेटमधून कुंभारचं नांदगावकर करून घेतलंत. का, ते मला कळत होतं. राग नाही, बाबा.

महिनाअखेर मुलीचं नाव नोंदवायचंय. आजोबांचं कुंभार आडनाव लावू? तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार.

पण होकार असेल, तर फोनवर मोठ्याने सांगा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे.

तुमचा,
सुहास