तीन अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांची व्यवस्था

मी, जैनुद्दीन अब्बास डिंगणकर, वय वर्षे ७२, पूर्वी जहाजावर इलेक्ट्रिशियन, नंतर रेडिओ व अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती, आता काही नाही, राहणार जयगड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या अकलेने आणि कोणीही भरीस न घालता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो कमी वाटल्यास, माझ्या अ‍ॅम्पमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या कोणत्या पायावर किती व्होल्ट येतात हे मी अजूनही न बघता सांगू शकतो. मसुदा अ‍ॅडव्होकेट दर्शना शिवगण यांनी तपासला. त्यांनी मधले बरेच काढायला सांगितले होते. मी काढलेले नाही.

१. आमच्या कायद्याने माणसाला आपल्या मिळकतीचा एक तृतीयांश भागच मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येतो. मी देतो आहे त्या वस्तू तेवढ्याही भरत नाहीत. घर, मागची हापूसची अकरा झाडे आणि बँकेतली ठेव माझा एकुलता एक मुलगा अद्नान याच्याकडे जाईल. तो दोह्याला असतो. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. बंद घराला वाळवी लागते, त्यापेक्षा कोणी राहिलेले बरे. दर शुक्रवारी तो व्हिडिओवर फोन करतो आणि माझी नात आयात हिला समोर बसवतो. तिला मराठी थोडे येते, मला तिची इंग्रजी थोडी कळते. दहा मिनिटांत दोघांचेही शब्द संपतात. फोन ठेवला की फ्रिजचा आवाज येऊ लागतो.

२. पुढील तिन्ही अ‍ॅम्प गिटारचे आहेत व मी स्वतःच्या हाताने बांधलेले आहेत. त्यात काचेचे व्हॉल्व्ह आहेत, जुन्या रेडिओत असत तसे. अद्नानने भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे कलम वाचावे. स्पीकर जोडल्याशिवाय कोणताही अ‍ॅम्प चालू करू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबावे, व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज येत नाही. मागची फळी काढू नये. प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला राहतो आणि तो माणूस ओळखत नाही.

३. पाच वॅटचा अ‍ॅम्प, आठ इंची स्पीकरसह, मनस्वी खापरे यांना द्यावा. त्या रत्नागिरीत परिचारिका आहेत आणि माझी पत्नी मासूमा आजारी असताना दोन वर्षे आठवड्यातून दोनदा घरी येत. एकदा भिंतीवरची गिटार बघून म्हणाल्या, "काका, मी कॉलेजात वाजवायचे." मी खाली काढून दिली. बोटे अडखळली, पण ताल सुटला नाही.

त्या फ्लॅटमध्ये राहतात म्हणून त्यांना पाच वॅटचाच द्यावा, मोठा देऊ नये. लोक वॅटचा आकडा बघून फसतात. पंधरा वॅट पाचाच्या तिप्पट मोठा वाजत नाही, कानाला दीडपटही वाटत नाही. फरक असतो तो आवाज कुठे फाटायला लागतो याचा. व्हॉल्व्हला जोर लावला की सूर कडेने थोडा फाटतो, आणि त्या फाटण्यातच सगळी गोडी आहे. पाच वॅटमध्ये ती जागा लवकर येते, शेजारी दार वाजवायला येण्याच्या जरा आधी. पंधरा वॅटमध्ये तिथपर्यंत गेलात तर घरातली भांडी बोलू लागतात. पण स्टेजवर ड्रम सुरू झाला की पाच वॅट नुसता दिसतो, ऐकू येत नाही. समोर माइक लावला तरच निभतो.

मनस्वीताईंनी विचारले होते, "माझ्या बिल्डिंगमध्ये चालेल का हा?"

"भिंतीपलीकडे कोण आहे?"

"एक बाई. एकट्याच असतात."

"मग त्यांना आधी सांगून ठेवा. कदाचित त्यांना बरंच वाटेल."

४. एक वॅटचा अ‍ॅम्प अद्नानला. त्याला वाजवता येत नाही, हे मला माहीत आहे.

हा मी मासूमासाठी बांधला. २०१७ साली तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि आवाज सोसेनासा झाला. ताटात चमचा पडला तरी ती डोळे मिटून घ्यायची. त्याआधी चाळीस वर्षे ती स्वयंपाकघरातून एकच गोष्ट सांगत आली होती, "जरा हळू. घरात माणसं राहतात." आता तिला हळूदेखील जड होऊ लागले. पाच वॅटचा कमी केला तर त्याचा जीवच जायचा, डब्यातून बोलल्यासारखा वाजायचा. म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह, सहा इंची स्पीकर आणि बिघडलेल्या रेडिओचे लाकडी खोके घेऊन हा केला. कुजबुजीएवढ्या आवाजातही याचा सूर भरलेला राहतो. घरी सरावासाठी याहून चांगला अ‍ॅम्प मी ऐकलेला नाही, आणि मंगळसूत्र घडवतात तशा निगुतीने मी दुसरा कोणताही बांधलेला नाही. तिच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवून वाजवायचो. ती डावा हात उचलायची. तळवा खाली म्हणजे कमी कर. हात गादीवर टेकला म्हणजे चालू दे.

२०२१ च्या जूनमध्ये ती गेली. चाळिसाव्या दिवसानंतर एका दुपारी मी मोठ्या अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण वाढवला, खिडक्या उघड्या ठेवल्या. तासभर वाजवले. शेजारचे घर मुंबईकरांचे, ते कुलूपबंद. समोरच्या घरी फक्त म्हातारी, तिला ऐकू येत नाही. कोणीही आले नाही. कोणी ओरडायला तरी यावे, म्हणून मी थांबलो होतो.

अद्नानने हा अ‍ॅम्प दोह्याला न्यावाच असे नाही. एकदा चालू करून आयातला त्याच्यासमोर बसवावे एवढेच.

५. सोल्डरिंगची हत्यारे, मीटर आणि व्हॉल्व्हचे दोन खोके बाजारातल्या समर्थ घाग यांना. ते मोबाइल दुरुस्त करतात. माझ्या दुकानाला त्यांनी चारचौघांत 'रेडिओंचं कब्रस्तान' म्हटले होते व मी पंधरा वर्षे त्यांच्या दुकानासमोरून चाललो नाही. पण त्यांचा हात थरथरत नाही, आणि हत्यार अशाच हातात जावे. तक्रार मागे घेतली.

६. रघुनाथ उर्फ रघू पाष्टे, राहणार सावर्डे, यांच्याविषयी.

जहाज सोडून आल्यावर बावीस वर्षे आम्ही एकत्र वाजवले. तो ड्रमवर, मी गिटारवर. लग्ने, जत्रा, उरूस, शाळांची संमेलने. पंधरा वॅटचा अ‍ॅम्प मी त्याच कामासाठी बांधला. त्यात दोन पॉवर व्हॉल्व्ह आहेत, बारा इंची स्पीकर आहे आणि रघूच्या ड्रमवर चढून ऐकू येईल एवढा स्वच्छ आवाज आहे. स्पीकर रघूने मुंबईहून आणला. खोके त्याच्या भावाने त्यांच्या परसातल्या फणसाच्या लाकडाचे केले. म्हणजे हा अ‍ॅम्प निम्मा त्याचा आहे. रघू नेहमी म्हणायचा, "लहान आण, पुढे माइक लावू." मी ऐकायचो नाही. मला माझा आवाज माझ्याच खोक्यातून हवा असायचा.

२०१७ च्या महाशिवरात्रीला वेळणेश्वरच्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता. अ‍ॅम्प आदल्या दिवशीच रघूच्या टेम्पोतून फेरीबोटीने तवसाळला उतरून पुढे गेला होता. मी दुपारच्या बोटीने जाणार होतो. अकरा वाजता मासूमा चुलीपाशी पडली. तिला रत्नागिरीला नेले, फोन घरी राहिला, आणि खरे सांगायचे तर कार्यक्रम माझ्या डोक्यातूनच गेला.

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आलो होतो. रघूने टेम्पो लावला आणि अ‍ॅम्प ओटीवर ठेवला.

"दोन हजार माणसांसमोर तुझं खोकं ठेवून वाजवलं आम्ही," तो म्हणाला. "खोकं होतं, माणूस नव्हता. लोक हसले, जैनू."

त्याला काहीच माहीत नव्हते. एक वाक्य बोललो असतो तर तो तिथेच खाली बसला असता. मी म्हणालो, "परत या घरात येऊ नको."

पंधरा दिवसांनी त्याला कुठूनतरी कळले. तो नारळ आणि मोसंबी घेऊन इस्पितळात आला. मी त्याला वऱ्हांड्यातच अडवले. म्हणालो, ती झोपली आहे. ती जागी होती. तो पिशवी बाकावर ठेवून गेला. ती पिशवी मी शेजारच्या खाटेवरच्यांना दिली.

त्यानंतर चार वर्षे मासूमा, तिला जमेल तशा शब्दांत, विचारत राहिली, "रघूभाऊ?" मी सांगायचो, कामात आहे, येईल. ती गेल्याचेही मी त्याला कळवले नाही. जत्रेला न जाण्याची चूक माझी नव्हती. बाकी सगळी माझी आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहिले.

७. ~~पंधरा वॅटचा अ‍ॅम्प रघुनाथ पाष्टे यांना द्यावा.~~ हे कलम रद्द. कारण कलम ९ मध्ये आहे.

८. मला मासूमाच्या शेजारी दफन करावे. तिथे जागा आहे, मी बघून आलो आहे. अद्नानला विमान मिळेपर्यंत थांबू नये.

९. हे कलम मी आज सह्यांच्या आधी हाताने लिहीत आहे.

साक्षीदार दोन घ्यायचे ठरले. एक दर्शनाताई स्वतः. दुसरा कोण, असे त्यांनी विचारले तेव्हा मला बराच वेळ नाव सुचले नाही. मग रघूचे सांगितले. त्या म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे त्यांची सही नको, उगाच वाद होतो." आणि पुढे म्हणाल्या, "पण काका, अ‍ॅम्प निम्मा त्यांचाच असेल तर तुम्ही मरेपर्यंत त्यांनी का थांबायचं?"

मी फोन लावला. आठ वर्षांनी. रघूने विचारले, "कोण मेलं?" मी म्हणालो, "अजून कोणी नाही. सहीला ये."

आज तो दोन एसट्या बदलून आला. पाठ वाकली आहे. डावा कान गेला आहे, ड्रमचाच प्रसाद. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते असे दर्शनाताईंनी सांगितले, तरी त्याने कागद ओढून घेतला. कलम ६ त्याने ओळीखाली बोट धरून वाचले.

"चार वर्षं विचारत होती ती?"

"हो."

त्याने पान उलटले. पुढचे वाचले नाही. मी चहा केला, तो त्याने घेतला. माफीचे शब्द मी बोललो ते त्याच्या डाव्या बाजूने, आणि पुन्हा म्हणायला मला जमले नाही. त्याला ऐकू आले की नाही, माहीत नाही.

मग म्हणाला, "सही कुठं करू? आणि खोकं घेऊन जातो मी. लाकूड आमच्या परसातलं आहे."

पंधरा वॅटचा अ‍ॅम्प आज मी हयातीतच त्याच्या स्वाधीन करत आहे, म्हणून या मृत्युपत्राने त्याला काहीही मिळत नाही. त्याची एसटी अडीचला आहे. खोके जड आहे आणि स्टँडपर्यंत ते आम्हा दोघांना मिळून उचलून न्यावे लागेल, म्हणून लिहिणे इथेच पुरे करतो.

हे मृत्युपत्र माझे पहिले व शेवटचे असून मला वाचून दाखवल्यावर, सर्व बरोबर असल्याने, खालील दोघांच्या डोळ्यांसमोर मी त्यावर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : जयगड
दिनांक : ११ डिसेंबर २०२५, दुपारी दोन वाजून पाच मिनिटे

(सही) जैनुद्दीन अब्बास डिंगणकर

साक्षीदार
(सही) अ‍ॅड. दर्शना शिवगण, रत्नागिरी
(सही) रघुनाथ गोविंद पाष्टे, सावर्डे. सर्व वाचले.