बांधावरून फेकलेली जुडी

औंढे, १४ जुलै, मंगळवार

आज भातलावणीला खाचरात उतरलो. पहिलं रोप लावायला वाकलो, तर कंबरच धरली. तुरुंगातली सगळी वर्षं ओल्या फरशीवर झोपलो. ती फरशी अजून कमरेत आहे.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तुला न्हाई व्हायचं. बांधावर बस, रोपांच्या जुड्या फेक."

पोराटोरांचं काम ते. राग आला, पण बसलो.

लग्नाच्या वर्षी हौसेनं मीच फेकायचो. सुमन, तेव्हा नवी नवरी, चिखलातून मागं न बघता हात करायची आणि जुडी नेमकी हाताशी पडायची. आता जमेल का?

फेकताना ती फरशी पुन्हा कळ देऊन गेली. जुडी अलीकडंच पडली. सुमननं येऊन उचलली, लावली.

मग मागं न बघता पुन्हा हात केला.