ताकाचा रकाना

पौष वद्य ३, शके १८५९

म्हैस आज खुशीत. डेरा भरून ताक. सात गाडगी गेली, बनाबाईचं सगळ्यात मोठं. आमच्या सालदाराची बायको ती, घरात पोरं पाच.

दुपारी पुण्याचा एक लिहिणारा ओट्यावर येऊन बसला. कॉलेजातला, चष्मेवाला, उन्हानं नाकाचं साल निघालेलं. आख्ख्या देशाची वर्षाची कमाई किती ते मोजतायत म्हणे, घरोघर विचारून मग बेरीज. हसूच आलं. एवढा देश, आणि बेरजेत आमचा ओटा. बरं वाटलं पण. गूळ-शेंगदाणे दिले.

माझ्या दगडूला विचारून विचारून लिहिलं. कापूस किती, ज्वारी किती, तूप किती. घरात खाल्ली त्या ज्वारीलाही बाजारभाव लावून धरली. मी दुसरीपर्यंत शिकलेय, अक्षर लावत लावत वाचते, कागद उलटा असला तरी. कमावणारे: दगडू. आश्रित: सून गोदी, आणि मी.

आश्रित म्हणावं तर आमच्या मांजरीला. तीही उंदीर धरते.

वद्य ४

झोप छान लागली. उठले तर राग तिथंच बसलेला. तो लिहिणारा (इथं नुसतं लि. लिहिते) चावडीत उतरलाय, गाव संपेपर्यंत. सकाळी गल्लीतून निघाला, धरलाच.

"भाऊ, मी आश्रित कशी रे?"

म्हणाला, "आजी, घरकामाला भाव नसतो. भाव नाही ते बेरजेत घेता येत नाही."

"मंग तूपले भाव शे ना?"

"आहे ना. ते दगडूभाऊंच्या नावावर धरलंय. बाजारात तेच नेतात."

म्हणजे रवी मी ओढायची, लोणी मी काढायचं, गोदीनं कढवायचं, आणि कमावता कोण, तर डबा नेणारा. मग बैलाचं नाव लिही म्हटलं, गाडी तोच ओढतो. गोदी तोंडात पदर कोंबून आत पळाली.

वद्य ६, शहाद्याचा बाजार

डबा मांडीवर घेऊन मीच गाडीत बसले. दगडूचं तोंड एवढंसं.

"माय, तू बजारमा बठशी? लोक काय म्हंतीन?"

"म्हंतीन, दगडूनी माय आजून टनक शे."

तूप दुपारच्या आत संपलं. दगडू आणतो त्यापेक्षा शेरामागं पैसा जास्तच घेतला, त्याला सांगितलं नाही. जिलबी खाल्ली. गोदीला बांधून आणली. लई वर्षांनी अशी मजा…

वद्य ७

लि.नं खोडलं, माझ्यासमोर. कमावणारे: दगडू, व आई. आई कोणाची, म्हटलं, नाव घाल. सरूबाई. घातलं. कढवते गोदी, तिचंही घाल. उसासा टाकला, पण घातलं.

तेवढ्यावर गप बसायचं ना. माझ्याच तोंडून निघालं, ताक राहिलं की. त्याला हुरूप आला. "सांगा भाव. शेजारी काय देतील?"

"ताक कोनी इकस का रे भाऊ?"

त्याला समजेना. दूध विकतात, तूप विकतात. ताक मागेल त्याला द्यायचं. माझ्या सासूनं विकलं नाही, तिच्या सासूनं नाही.

"मग शून्य लिहावं लागेल, आजी."

गोदी कानाशी, "आत्याबाई, सांगी टाका ना दोन पैसा. कागदवरच शे."

खरंय, नुसतं बोलायचंच तर होतं. पण गावात कागदावरचं कागदावर कुठं राहतं. ताकाला दोन पैसे, हे बनाबाईच्या कानावर गेलं की ती उद्या गाडगं घेऊन दारात यायची नाही. मानी बाई. पोरं कोरडी भाकर चावतील.

आणि शून्य कसं? सात घरची पोरं काय शून्य पितात?

दोन्ही नाही म्हटलं. सात गाडगी असं लिही. तर म्हणतो, या रकान्यात रुपयेच बसतात. मग रिकामा ठेव. ठेवला बिचाऱ्यानं. जाताना दोन वाट्या ताक पिऊन गेला, ते कुठं लिहिलं कोण जाणे.

माघ शुद्ध ५

पुण्याहून कार्ड, लि.चं. त्याचे साहेब म्हणतात रिकामा रकाना चालत नाही, या घराची बेरीज अडलीय. भाव उलट टपाली कळवा, नाहीतर साहेब शून्य घालतील.

आमच्यापायी देश अडला. दगडू घाबरला, "माय, सरकारी काम ऱ्हाई ते. सांगी टाक." मी म्हटलं, अडू दे. मोरीत बोळा बसला तर पाणी थांबतंच.

उत्तर मीच लिहिलं. अर्धा दिवस गेला, बोटं काळी.

"चि. भाऊस आशीर्वाद. शून्य घालू नको. भाव सांगणार नाही. साहेबास ताक प्यायला पाठव, मग त्यांनीच घालावे काय ते. म्हैस बरी आहे."

दगडू कार्ड टाकायला गेलाय. कुरकुरत गेला, पण गेला.

गाडगी आज सात गेली. आठवं भरून शिंक्यावर ठेवलंय.