जुईचं नाव कुणी ठेवलं

आत्या,

८ नोव्हेंबर १९३३, संध्याकाळचे साडेपाच. सोलापुरातल्या आमच्या माजघरात, पाळण्यापाशी उभी राहून तू माझी गोष्ट तुझी म्हणून सांगितलीस. मी दहा वर्षांची, कॉन्व्हेंटच्या झग्यात दाराशी उभी. पुढे शाळेत शिकवताना शेजारणीचं उत्तर उतरवणाऱ्या एकाही मुलीला मी सोडलं नाही. तुला मात्र इतकी वर्षं सोडलं. आता नाही.

घरात तिसरी मुलगी झाली म्हणून आजीनं तिचं नाव ‘नकोशी’ ठरवलं होतं. असं नाव ठेवलं की देव समजून घेतो आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो, ही तिची खात्री. वडील मिलच्या ऑफिसात इंग्रजीत पत्रं लिहीत, पण स्वतःच्या आईपुढे त्यांना मराठीही सुचत नसे. बाराव्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून तू आदल्या दिवशी अक्कलकोटहून आलीस. सामान ठेवलंस आणि मला परसात घेऊन गेलीस. “शाळंत जातीस न्हवं? एक बरं नाव सुचीव की.”

मी ‘शांता’ म्हटलं. “हाक मार,” म्हणालीस. मी मारली, तर भिंतीपलीकडून दोघींनी ओ दिली. “हे नगं. हाक मारली की एकीनंच वळाय पायजे.” मग मी ऐटीत ‘मंदाकिनी’ काढलं. तू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलंस. “तुज्या आजीला दात किती हायेत? शेजारीण तेलुगू, दूधवाली कानडी. सगळ्यांच्या तोंडात बसाय नगं व्हय?” शाळेच्या कुंपणावर जुईचा वेल होता. मी ‘जुई’ म्हटलं. तू ते दोनदा हळू म्हणून पाहिलंस, एकदा मोठ्यानं. कुणी ओ दिली नाही. “लई ग्वाड. आता कुणाला बोलू नगंस.”

दुसऱ्या दिवशी तू पाळण्यात वाकलीस, बायकांनी रीतीप्रमाणे तुझ्या पाठीत धपाटे घातले आणि विचारलं, काय ठेवलं? “जुई.” पाळण्याची दोरी आजीच्या हातात थांबली.

“कुणाचं डोस्कं हे?”

मी पुढे होऊन बोलणारच होते, तेवढ्यात तू म्हणालीस, “माजंच.”

“मग ते घिऊन तुज्या घरला जा.”

“जाते की. कानात घातल्यालं तेवढं काडून दावा.”

मी नन्सच्या हाताखाली शिकले, इन्स्पेक्टरांशी भांडले, पण इतकं नेमकं उत्तर मला एकदाही देता आलं नाही. साडीचोळी न घेताच तू निघालीस. त्यानंतर पंचमीला नाही, दिवाळीला नाही, माहेरचं बोलावणं तुला कधी आलं नाही. तू वारल्याचंही आम्हाला पोस्टकार्डानं कळलं. आणि जुई? तिच्या बैठकीत आजही तुझा फोटो आहे. “आत्यानं मला माणसांत आणलं,” असं ती येईल त्याला सांगते. मी शेजारी बसून चहा पिते.

वर मी लिहिलं की पुढे होऊन बोलणारच होते. ते खोटं आहे. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. आजीनं विचारल्यावर तू आधी माझ्याकडे पाहिलंस, माझं तोंड पाहिलंस आणि मगच “माजंच” म्हणालीस. नाव माझं होतं हे जुईला सांगायचं, तर हेही सांगावं लागेल, म्हणून आजवर सांगितलं नाही. उगाच तुला चोर ठरवून बसले.

येत्या रविवारी जुई येते आहे. तिच्या नातीचं नाव मी सुचवावं, असा तिचा हट्ट आहे. त्याआधी मला तिला सगळं सांगून टाकायचं आहे, पण तुझ्या परवानगीशिवाय जीभ उचलत नाही. तरी रविवारी दुपारी चारच्या आत मला लेखी कळव. तोंडी निरोप चालणार नाही.