ताण मला येतच नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आणि वर ते फोनवरचं मशीन सांगतं, निरोप ठेवा! सख्ख्या बहिणीला निरोप कसला ठेवायचा? कोरीन पुलापलीकडे सुपिरिअरला राहते, म्हणजे काही चंद्रावर नाही. फोन घरात वाजतोय, ती घरात आहे, आणि उचलत नाही. मुद्दाम.

माझ्यासाठी करतेय का मी हे? विज्ञानासाठी करतेय. आमच्या डुलुथच्या युनिव्हर्सिटीला लहानपणी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या बहीणभावंडांची डोकी तपासायची आहेत. एकट्या आलात तरी चालेल म्हणाले, पण जोडी असली तर बरं. डोक्याचा फोटो, थोडी लाळ, थोडं बोलणं, बस्स. मला तर काही अवघड नाही. शाळेची बस चालवते मी, बर्फावरून, मागे पोरांचा दंगा. ताण मला येतच नाही.

ठरवलं: आज परत फोन नाही.

संध्याकाळी केला. मशीन.

६ नोव्हेंबर, गुरुवार
फोटो झाला. नळकांड्यात घालतात आणि मशीन ठणाणा करतं. अनिका नावाची पोरगी बघते सगळं. म्हणाली, रोंडा, तुमच्यासारखं स्थिर कुणीच पडून राहत नाही. मी म्हटलं, सवय आहे.

मग तिने समजावलं. मेंदूत बदामाएवढा एक तुकडा असतो, धोका दिसला की घंटा वाजवतो. ज्यांचं लहानपण ओढाताणीत गेलं त्यांच्यात कधी तो वेगळा दिसतो, कधी नाही. कुणाची घंटा सारखी वाजते, कुणाची वाजायलाच विसरते. मी म्हटलं, माझी मस्त आहे.

आमची आई गेल्यावर सरकारने कोरीनला एका घरात ठेवलं, मला दुसऱ्या. मग तिसऱ्या. शेवटी मिसेस हॅल्व्हरसनकडे. तिथे मारझोड अजिबात नाही. काही चुकलं की तुझ्याशी कुणी बोलायचं नाही, एवढंच. तू टेबलावर बसायचं, जेवायचं, आणि तू तिथे नाहीसच असं सगळ्यांनी वागायचं. आठवडाभरसुद्धा. शांत घर. शांत राहायला मी तिथेच शिकले.

८ नोव्हेंबर, शनिवार
डोळे उघडले की अंथरुणातच कापूस चघळायचा, मग तो नळीत. त्यातून ताणाचं रसायन मोजतात. आधी कॉफी प्यायची नाही म्हणे. कॉफीशिवाय कापूस तोंडात जातो कुणाच्या? प्यायले. नळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, माशांशेजारी.

डेपोत दुसऱ्या बसचा गस म्हणाला, काय गं, डोक्याचा फोटो काढला म्हणे, आत काही सापडलं का? सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले.

कोरीनला फोन नाही. (एकदाच.)

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज बोलण्याची परीक्षा. जाताना केळ्याचा केक नेला. कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने जात नाही मी. पांढरे कोट घातलेली दोन पोरं समोर बसलेली. केकाकडे बघितलंसुद्धा नाही.

एका नोकरीसाठी तुम्हीच कशा योग्य, ते सांगा म्हणाले. मी सुरुवात झकास केली. वेळेवर येते, खाडे नाहीत, तोंडाने फटकळ पण मनात काही नाही. ते ढिम्म. विनोद केला. ढिम्म. मी थांबले तर म्हणतात, वेळ शिल्लक आहे, बोला. काय बोलायचं? मग तेरा-तेरा वजा करत उलटं मोजायला लावलं. चुकलं की म्हणायचे, पहिल्यापासून.

मी माफी मागितली. दोघांची. सारखी. कशाची ते त्यांनाही कळलं नाही. डोळ्यांना पाणी आलं ते हीटरच्या कोरड्या हवेने.

नंतर अनिका म्हणाली, त्यांना हसायला मनाईच असते, तीच तर चाचणी. मी म्हटलं, मला माहीत होतं.

पोरांपैकी एक कॉरिडॉरमध्ये भेटला, केक तोंडात. म्हणाला, सॉरी हं, आम्हालाही फार जड जातं. मागच्या महिन्यात अगदी तुमच्याच नाकाच्या एक बाई आल्या होत्या, पुलापलीकडच्या. त्याही अशाच माफी मागत होत्या. बहिणीच्या दिवशी मला बोलवू नका म्हणाल्या. मग जीभ चावली आणि पळाला.

नाकं काय, कुणाचीही सारखी असतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अनिकाचा फोन: लाळेत कॉफी आहे, सगळं परत करा. मी विचारलं, कोरीन येऊन गेली का? म्हणाली, रोंडा, मला ते सांगता येत नाही. नाही म्हणाली नाही.

मग विचारलं, परीक्षेत माझा ताणाचा आकडा किती चढला? एकेकट्याचे आकडे सांगत नाही म्हणाली. काहींचा चढतो, काहींचा चढतच नाही, आणि न चढणं म्हणजे शांत असणं असंही नाही. मी गसला सांगितलं, माझा चढलाच नसणार, रेघ सरळ. गस म्हणाला, मेलेल्याचीही सरळच असते. मूर्ख आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची टर्की आणली. एकटीला जास्त होईल, पण छोट्या संपल्या होत्या.

दुपारी फोन केला आणि कोरीनने उचलला! तयारी काहीच नव्हती. मी बोलत सुटले. टर्की, बर्फ, गस, माझा मेंदू, सगळं. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता, म्हणून मी आणखी बोलले. शेवटी विषयच संपले.

मग ती हळूच, लहानपणीच्या नावाने म्हणाली, रॉनी, मी रागावलेली नाही. पण तुझा फोन वाजला की माझे हात गार पडतात. तुझा आवाज ऐकला की मी परत मला घेऊन जाणाऱ्या त्या सरकारी गाडीत बसलेली असते आणि तू मागे पळत ओरडत असतेस. तू काही केलं नाहीस गं. मला जमत नाही, एवढंच. आणि फोन ठेवला. आपटला नाही. ठेवला.

हात गार पडतात! पडणारच. लहानपणापासून हातमोजे घालत नाही.

मी लगेच परत लावला. मशीन. या वेळी निरोप ठेवला. म्हटलं, कोरीन, मी ओरडणार नाही. बोलणारसुद्धा नाही, तुला नको असेल तर. गुरुवारी तू नुसती येऊन जेव. मला टर्की फ्रीझरमधून बाहेर कधी काढायची ते कळायला हवं, म्हणून विचारतेय, दुसरं काही नाही. येणार की नाही? मंगळवार संध्याकाळपर्यंत सांग.